आजी दादा कोंडक्यांना खळखळून हसते, मग नव्या चावट पिक्चरला उठून का गेली?

ज्वारीचं_कणीस (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न खराखुरा आहे, काडी टाकायला धागा काढलेला नाही.

आमचं गाव सेलू तालुक्यातलं. गणपतीत एक रात्र मंडळ शाळेच्या मैदानावर पडदा लावून पिक्चर दाखवतं. महालक्ष्म्या उठल्यावरच, कारण त्याआधी बायकांना उसंत नसते. गेल्या वर्षी 'एकटा जीव सदाशिव' लावला होता. माझी आजी ऐंशीच्या पुढची, गळ्यात माळ, एकादशी कधी चुकलेली नाही. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की मला वाटलं ठसका लागतो आता. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता काकूला त्यातले संवाद म्हणून दाखवत होती.

यंदा पोरं म्हणाली, दरवर्षी काय तेच जुनं. मग तीन-चार वर्षांपूर्वीचा एक मराठी पिक्चर लावला. नाव देत नाही, भांडण पिक्चरशी नाही. लॉज, चुकीच्या खोलीत शिरलेला मित्र, गोळ्यांची अदलाबदल, असला मामला. पंचवीसाव्या मिनिटाला आजी उठली. तिच्यामागं आई, मग काकू, मग ओळच लागली. शेवटी पंधरा पोरं आणि दोन कुत्री उरली. सकाळी सरपंच म्हणाले, "गणपतीपुढं हे काय लावलं रे?" आता गेल्या वर्षी काय वेगळा गणपती होता का?

मला दोन्ही सारखेच चावट वाटतात. उलट दादांचं काही काही जास्तच. मग फरक कुठं आहे? जुनं म्हणून माफ, एवढंच का?

---

काडीपेटी

आजीला झोप आली असेल. धागा बंद करा.

---

बाप्पा_बीडकर

आवो बाप्पा, पंधरा पोरं अन् दोन कुत्री शेवटपर्यंत बसले म्हणता, म्हंजे पिच्चर हिट है. कुत्र्यांचा अभिप्राय घेतला का?

---

नियमावली

आधी एक अप्रिय प्रश्न. त्या पिक्चरला प्रमाणपत्र कुठलं होतं? 'ए' असेल तर अठराच्या आतल्यांना जाहीर ठिकाणी दाखवता येत नाही, मैदान असो की मंगल कार्यालय. आणि हक्क ज्याचे आहेत त्याची परवानगी घेतली होती का?

---

ज्वारीचं_कणीस

'यूए' होता, पडद्यावर पाटी आली होती. परवानगीचं पुढच्या वर्षी बघतो. पेनड्राइव्ह कुठून आला हे विचारू नका.

---

नियमावली

विचारतच नाही, उत्तर दिसतंय.

'यूए'वरून आठवलं. १९८३ पर्यंत आपल्याकडं फक्त 'यू' आणि 'ए' असे दोनच दाखले होते, मधली पायरी नव्हती. म्हणजे 'सोंगाड्या' आला १९७१ ला, 'पांडू हवालदार' १९७५ ला, त्या काळात निर्मात्यापुढं दोनच वाटा: सगळ्यांसाठी, नाहीतर फक्त प्रौढांसाठी. गावोगावचं कुटुंबच्या कुटुंब तिकीट काढणार असेल तर 'ए' परवडत नाही. मग चावटपणा शब्दात असा लपवायचा की कात्री लावणाऱ्यानं बोट ठेवलं तर म्हणता यावं, "साहेब, आम्ही तर गाईबद्दल बोलतोय, तुमच्या मनात काय आलं?" आता २०२३ च्या दुरुस्तीनंतर 'यूए'चेच सात, तेरा, सोळा असे तीन तुकडे झालेत. लपवायची गरज कमी, म्हणून लपवायची कलाही कमी. माझं मत.

---

फडकरी_नातू

धागा वाचून लिहायला बसलो, नाहीतर मी नुसता वाचणारा माणूस आहे.

माझे आजोबा तमाशात सोंगाड्या होते. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला त्यांचा फड दरवर्षी यायचा. मी लहान असताना ते थकले होते, पण बतावणी, म्हणजे तमाशातला हसवणारा संवाद, तोंडपाठ होती. ते सांगायचे, सोंगाड्या आधी विंगेतून पब्लिक बघतो आणि मग तोंड उघडतो. तमाशाला बायका समोर बसत नसत. पण गावात खेळ असला की आजूबाजूच्या माळवदांवर बायका जमायच्या. माळवदावर लुगडी दिसली की आजोबा बतावणी लांबवायचे आणि शब्द बदलायचे. कमी चावट नव्हे हं, जास्त झाकलेले.

गवळणीत पेंद्या मावशीला अडवतो. "मावशे, मडक्यात काय?" "दूध." "हात घालून बघू का?" मावशी म्हणते, "बघायचे पैसे नाहीत रे बाबा, हात लावायचे पडतात. अन् आधी हात धुऊन ये." आता यात दुधाच्या बाजारापलीकडं काही आहे का? कागदावर नाही.

आजोबांचा एक नियम होता. वात्रट बोलणारा गडी खुळा पाहिजे. त्याला कळताच कामा नये आपण काय बोललो. पाप पब्लिकच्या मनात, सोंगाड्या निर्मळ. सोंगाड्या बोलून झाल्यावर डोळा मारायला लागला की खेळ बसला समजा. दादांची ती गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि लोंबणारा नाडा म्हणजे खुळ्याचा गणवेशच. तुमच्या त्या लॉजवाल्या पिक्चरमधल्या पोरांना सगळं कळतं, कळून बोलतात, वर मागं 'टुंईंग' असा आवाज. पब्लिकला करायला कामच ठेवलं नाही.

---

चिंचपान

'टुंईंग'ला +१००. तो आवाज काढणाऱ्याला आधी शोधा.

---

अर्धा_कप

फडकरी_नातू, प्रतिसाद आवडला. पण दादांना एवढं सोवळं नेसवू नका.

मी मूळचा उदगीरचा, सध्या पुण्यात. कॉलेजात असताना दादांचे सगळे पिक्चर ओळीनं बघितले. आधीच्या पिक्चरमध्ये खुळा नाम्या आहे, त्याची आये आहे, तमाशाचं वेड आहे, गोष्ट आहे. नऊ पिक्चर रौप्यमहोत्सवी झाले, गिनीज बुकात नोंद झाली, ती त्या गोष्टीच्या जोरावर. नंतर नंतर नावातच सगळा माल. १९८६ चा 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' घ्या, पोस्टर वाचलं की पिक्चर बघून झाला. तिथं दादाही डोळा मारायला लागले होते. आजीला त्यातला एखादा लावून दाखवा, ती पंधराव्या मिनिटाला उठेल. तेव्हा जुनं-नवं हा वादच नाही.

---

काडीपेटी

म्हणजे पुण्याला गेलं की दादा कोंडकेसुद्धा पटत नाहीत. नोंद घेतली.

---

अर्धा_कप

काडीपेटीराव, उदगीरला सुट्टीवर आलो की भेटतो, हत्तीबेटावर. कडेलोटाची सोय बघून ठेवतो.

---

रानमेवा

आतापर्यंत सगळे पुरुषच बोलायलेत, आणि सगळे आजीबद्दल. आजीला कुणी विचारलं का?

मी जालना जिल्ह्यात शिक्षिका आहे. बायकांना चावट विनोद चालत नाही, ही समजूत आधी काढून टाका. लग्नात रुखवत मांडताना, विहिणीची पंगत बसली असताना आमच्याकडच्या म्हाताऱ्या जी गाणी म्हणतात ती इथं लिहिली तर संपादक माझं खातं उडवतील. विहिणीचं रूप, तिचं चालणं, तिच्या नवऱ्याचं घोरणं, काही म्हणजे काही सोडत नाहीत. विहीणही तोंड झाकून हसते आणि दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणात तेच उलट फिरतं. पण तिथं एकही गडी नसतो. चुकून एखादा पाण्याची घागर घेऊन आला की सगळ्या एकदम 'गणराया'वर येतात.

आता थेटर. माझ्या लहानपणी यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा. मधोमध दोरी, नाहीतर कनात. एका बाजूला गडी, एका बाजूला बायका. आई, मावशी, शेजारणी, सगळ्या एका सतरंजीवर. त्या अंधारात माझी आई ज्या आवाजात हसायची तो आवाज मी घरात कधीच ऐकला नाही. पुढं लग्न झाल्यावर मी संभाजीनगरला मल्टिप्लेक्सला गेले ती एका बाजूला नवरा आणि दुसऱ्या बाजूला सासरे घेऊन. पडद्यावर साधा उशीचा विनोद झाला तरी मी पॉपकॉर्नचा डबा वाचत बसायची. मीठ किती, तेल कुठलं.

माझं म्हणणं एवढंच की विनोद चावट आहे का, हे शेजारच्या खुर्चीवर ठरतं.

---

लातूरकर_आबा

रानमेवा ताई, तुमचा प्रतिसाद वाचला अन् जुने दिवस समोर आले.

मी लातुरात एका थेटरात अकरा वर्षं गेटवर होतो. थेटर आता नाही, तिथं कपड्याचं दुकान झालं. दादांच्या पिक्चरला दुपारचा खेळ बायकांनी भरायचा. बाल्कनीत डाव्या हाताला बायकांची वेगळी बसायची सोय होती. खाली पिटातलं पब्लिक शिट्ट्या मारायचं, वर बायका हसायच्या. दोघांनाही एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. मध्यंतरात लाईट लागली की बायका एकदम गंभीर, जशा काय कीर्तनाला बसल्यात! लाईट गेली की पुन्हा सुरू.

एकदा एक गुरुजी अन् त्यांचा विद्यार्थी एकाच रांगेत समोरासमोर आले. दोघंही म्हणाले, "चुकून आलो, शेजारच्या थेटरात जायचं होतं." शेजारी थेटरच नव्हतं.

---

बाप्पा_बीडकर

आबा, ते गुरुजी मपलेच असणार. 😂

---

गोदातीर

नांदेडहून. जरा पैशाच्या बाजूनं बोलतो.

२०१३ साली 'ग्रँड मस्ती' 'ए' दाखला घेऊन शंभर कोटींच्या पुढं गेला. तेव्हा सगळ्यांना वाटलं हीच खाण आहे. मग २०१६ मध्ये 'क्या कूल हैं हम ३', 'मस्तीजादे', 'ग्रेट ग्रँड मस्ती' असे तीन आले अन् तिन्ही आपटले. कारण सोपं आहे. जिओ आलं. ज्याला जे बघायचं ते फुकटात मोबाईलवर, कानात हेडफोन घालून. थेटरात जाऊन दीडशे रुपये देऊन अर्धवट कामून बघायचं?

---

नियमावली

गोदातीर, मुद्दा बरा, सनावळी चुकली. तुम्ही म्हणता ते तीन जानेवारी ते जुलै २०१६ मधले, जिओ सप्टेंबरात आलं. तिसरा तर प्रदर्शनाआधीच इंटरनेटवर फुटला होता. तेव्हा दोष जिओला देता येत नाही.

---

गोदातीर

बरं बाबा, जिओ निर्दोष. पण जिओच्या आधीसुद्धा मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचंच की. पन्नास रुपयांत दोन जीबी, वर दुकानदाराचा सल्ला फुकट. चावटपणा बघायला लोक थेटरात येत नाहीत, चारचौघांत हसायला येतात. एकट्यानं बघायची गोष्ट चारशे लोकांत दाखवली की माणूस चुळबुळ करतो.

---

चिंचपान

अवांतर: चावटपणासाठी पिक्चर लागतो कशाला? आमच्याकडं अख्खी शेतीच डबल मीनिंग आहे. "रात्री लाईट आली की उठायला लागतं", "मोटार पाणी उचलंना", "बोअर कोरडं गेलं". चावडीवर बसून सरळ चेहऱ्यानं शेतीवर बोला, पोरं लोळतात.

---

बाप्पा_बीडकर

चिंचपान, तीन वर्षं झाली मपलं बोअर खरंच कोरडं है. हसू का रडू सांगा.

---

काडीपेटी

विषय संस्कृतीचा आहे. ही संतांची भूमी आहे, आणि तुम्ही लोक 'मोटार' घेऊन बसलात.

---

फडकरी_नातू

काडीपेटी, संतांची भूमी म्हणालात ते बरं झालं. पैठण इथून किती लांब आहे? नाथांची भारुडं ऐकली आहेत का कधी, सप्ताहात, साडी नेसलेल्या भारुडकऱ्याच्या तोंडून? विंचू चावतो, दादला नको होतो, सासरा गावाला गेलाय तो तिकडंच खपावा, सासू मरावी म्हणून देवीला नवस बोलला जातो. वरवर सगळा संसाराचा तमाशा. भारुडकरी मध्ये आपल्या पदरचं घालतो ते तर विचारूच नका, ठुमका मारून समोरच्या पाटलाच्या मांडीवर बसायला जातो. बायका-गडी सगळे हसतात, मांडवात महाराज बसलेले असतात तेही हसतात. मग तो हळूच सांगतो की विंचू म्हणजे काम-क्रोध. डबल मीनिंगच की हो, फक्त उलटं. बाहेरचा अर्थ संसाराचा, आतला देवाचा. दादांच्यात बाहेरचा सोज्वळ आणि आतला चावट.

---

काडीपेटी

...आता याला उत्तर शोधून येतो.

---

अर्धा_कप

ऐतिहासिक क्षण. काडीपेटी विझली.

मला एक उलट उदाहरण टाकायचंय. प्रा. लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. आपल्याच संभाजीनगरचा माणूस, एकटा बावन्न पात्रं करायचा, कंबरेखालचं एक वाक्य नाही, तरी लोक पोट धरून हसायचे. म्हणजे मराठवाड्याच्या पब्लिकला चावटच लागतं असं कुणी म्हणू नये.

---

रानमेवा

कुणी म्हणालंच नाही. पण तुम्ही विषय काढला म्हणून माझी एक खंत सांगते. 'वऱ्हाड'मध्ये लेखक त्या माणसांतलाच होता, माया होती. अलीकडं पिक्चर आणि मालिकांत आपली बोली दिसते ती फक्त येडपटाच्या नाहीतर वाह्यात माणसाच्या तोंडी. हिरोईन प्रमाण मराठी बोलणार आणि तिच्याकडं बघून लाळ गाळणारा मात्र 'कामून', 'करायलो' बोलणार. मकरंद अनासपुरे आले तेव्हा आनंद झाला होता, आपली बोली बोलणारा माणूस हिरो झाला म्हणून. पण त्यांच्यामागून ज्यांनी नक्कल केली त्यांनी बोलीलाच विनोद करून टाकलं. मला एखाद्या चावट वाक्यापेक्षा याचा राग जास्त येतो.

---

लातूरकर_आबा

ताई, बरोबर बोललात. आमची नात मुंबईत शाळेत 'बघायलाव' म्हणली तर पोरं हसली. आता ती फोनवर माझ्याशीसुद्धा पुस्तकातलं बोलते.

---

चिंचपान

एक मुद्दा राहिला. विनोद कुणावर आहे? दादांच्या पिक्चरमध्ये उषा चव्हाण कमरेवर हात ठेवून तोंडावर उत्तर द्यायची. गडी एक बोलला की ती दोन. नव्यात पोरगी नुसती पायऱ्या उतरत येते आणि कॅमेरा तिच्या तोंडापर्यंत पोचतच नाही. माझ्या बायकोचं म्हणणं, "तिला एक डायलॉग दिला असता तर मी बसले असते."

---

अर्धा_कप

वहिनींना सदस्यत्व द्या, तुमचं रद्द करा.

---

ज्वारीचं_कणीस

दोन दिवस सोयाबीनच्या फवारणीत होतो, आज सगळं वाचलं.

रानमेवा ताईंचा दोरीचा मुद्दा वाचला आणि डोक्यात लख्ख झालं. गेल्या वर्षी आम्ही सतरंज्या टाकल्या होत्या. बायका डावीकडं पिंपळाच्या बाजूनं, गडी शाळेच्या ओट्यावर. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप बसले. यंदा मंडळाकडं जरा वर्गणी जास्त जमली म्हणून आम्ही दोनशे प्लास्टिकच्या खुर्च्या भाड्यानं आणल्या आणि मल्टिप्लेक्ससारख्या रांगा लावल्या. ज्याचं त्याचं घर एका रांगेत. आजीच्या उजवीकडं आई, डावीकडं माझे चुलते. आईच्या पलीकडं मी!

मग ताईंनी सांगितल्याप्रमाणं आजीला विचारलं. दोन मिनिटं काही बोलली नाही, शेंगा फोडत होती. मग म्हणाली, "तुही माय शेजारी बसली व्हती. ती हासंना, मग म्या कसं हासू? म्हणलं सुनंला आवडंना दिसतंय, उठावं."

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अगंबाई, मी सासूबाईंकडं बघूनच गप्प बसले होते की!"

---

रानमेवा

😂😂 बघा! किती वर्षं एका घरात आहेत?

---

ज्वारीचं_कणीस

सदतीस.

---

फडकरी_नातू

तरीपण माझा मुद्दा सोडत नाही. खुर्च्या नसत्या तरी तो पिक्चर पडलाच असता. आजीला विचारा, हसू दाबत होती का हसूच येत नव्हतं?

---

ज्वारीचं_कणीस

विचारलं. म्हणाली, "दोनदा आलं. त्या लॉजच्या म्हाताऱ्या वॉचमनला बघून. बाकी पोरं नुसती वरडायली." वॉचमन बहिरा दाखवलाय, त्याला काही म्हणजे काही कळत नाही.

---

फडकरी_नातू

आजोबांच्या फोटोला आज पेढा ठेवतो.

---

गोदातीर

मग पुढच्या वर्षी काय लावणार? आणि खुर्च्या की सतरंज्या?

---

ज्वारीचं_कणीस

तिथंच घोडं अडलंय. सतरंज्या विठ्ठल मंदिराच्या आहेत. यंदाचं ऐकून पुजारीबुवा म्हणाले, "असल्या पिक्चरला सतरंज्या मिळणार नाहीत." मी म्हणालो, मग दादा कोंडके चालतील का? ते म्हणाले, "मला बसायला पुढची जागा ठेवा, मग बघू."

---

बाप्पा_बीडकर

बुवाला बायकांच्या बाजूनं बसवू नका म्हंजे झालं.